आरसीसीबी काढा, थर्ड पिनला न्यूट्रल जोडा: वायरमनचं किती ऐकायचं?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे कोणत्या घराबद्दल बोलणं चाललंय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वायरिंग जुनं आहे. स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये अर्थची वायर आहे. बाकी ठिकाणी थ्री पिन सॉकेट आहेत, पण वरचं भोक रिकामं. वॉशिंग मशीन अशाच एका रिकाम्या पॉइंटवर चालतं. त्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर मंद पेटतो, मल्टिमीटर बॉडीवर 110 च्या आसपास व्होल्ट दाखवतो. नवीन बसवलेला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) वेळी-अवेळी पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, अगदी गिझरचा एमसीबी (वायरला झेपेल त्याहून जास्त करंट झाला की पडणारा स्विच) खाली असतानाही. आणि गिझर चालू केला की त्याचा 16 अँपिअरचा एमसीबी वीसेक मिनिटांनी पडतो.

यावर वायरमनने पाच गोष्टी सांगितल्या. मशीन खराब झालंय, बदला. आरसीसीबी काढून टाका. रिकाम्या थर्ड पिनला न्यूट्रलचा लूप मारून देतो, काम तेच. गिझरला 32 चा एमसीबी टाकू. आणि घरामागे खड्डा करून पक्कं अर्थिंग करून घ्या, मग कशाचीच काळजी नको. यातलं किती खरं, आणि त्याला न दुखावता उलट कसं विचारायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

पाचवा सल्ला अर्धा बरोबर आहे. पहिला चुकीचा पण निरुपद्रवी, फक्त खर्चात पाडणारा. मधले तीन तुमच्या घरात अजिबात होऊ देऊ नका.

असले सल्ले तपासताना मी एकच प्रश्न लावून बघतो. उद्या मशीनच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर करंट कुठल्या वाटेने परत जाईल, आणि तो नेमकं कोण तोडेल, किती वेळात? वायरमन याचं उत्तर आकड्यात देऊ शकला तर सल्ला ऐकण्यासारखा. “काही होत नाही, पंधरा वर्षं असंच करतोय” हे उत्तर नव्हे. त्याचे मधले तीन सल्ले बघा: प्रत्येकाने तुमची एखादी तक्रार बंद होईल. झिणझिण्या थांबतील, ट्रिपिंग थांबेल. दोष मात्र जागच्या जागी राहील.

मशीनपासून सुरुवात करू, कारण तिथलं निदान उलटं झालंय. हल्लीच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं आणि वायर आत शिरते तिथेच विजेतला गोंगाट गाळणारा एक फिल्टर असतो. त्यात दोन बारके कपॅसिटर: एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. बॉडी अर्थला जोडलेली असेल तर त्यांच्यातून झिरपणारा करंट, साधारण अर्धा-एक मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी, अर्थच्या वायरने गुपचूप निघून जातो. अर्थ नसेल तर बॉडी त्या दोन सारख्या कपॅसिटरच्या मधोमध लटकून राहते आणि 230 च्या निम्म्यावर, 115 च्या आसपास येऊन बसते. तुमच्या मीटरवरचा 110 तोच. म्हणजे दोष बहुधा मशीनमध्ये नाही, भिंतीतल्या रिकाम्या भोकात आहे. नवीन मशीन आणलंत तर तेही 110 च दाखवेल.

बहुधा म्हणालो, कारण खात्री करायला हवी. आरसीसीबी चालू ठेवून हेच मशीन स्वयंपाकघरातल्या अर्थ असलेल्या सॉकेटला लावा (तिथला अर्थ खरा आहे हे आधी मीटरने बघून, आणि मधे दोन तारांचं एक्स्टेंशन न घालता). झिणझिण्या गेल्या आणि आरसीसीबी टिकला तर मशीन ठीक. लावताच आरसीसीबी पडला तर हीटर किंवा मोटरचं इन्सुलेशन गेलेलं असू शकतं. तेव्हा 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) बघायचं: प्लगची फेज आणि न्यूट्रल पिन एकत्र धरून, तिथून बॉडीपर्यंत. किमान 1 मेगओहम तरी यायला हवा. धडधाकट मशीन त्याच्या कितीतरी वर असतं. 110 व्होल्टच्या या झिणझिण्यांनी माणूस दगावत नाही, मागे करंटच नाही. पण ज्या रिकाम्या भोकामुळे आज 110 येतात, त्याच भोकामुळे उद्या खरा फॉल्ट झाला की त्याच पत्र्यावर 230 येऊन बसतील, आणि मशीन त्यानंतरही कपडे धुतच राहील.

आता आरसीसीबी. हा फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून बघतो. दोघांत फरक पडला म्हणजे करंट तिसऱ्याच वाटेने गळतोय, कदाचित माणसातून. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 च्या दरम्यान कुठेतरी पडतो. 30 ला त्याने 300 मिलिसेकंदांच्या आत पडायचं असतं आणि 150 ला 40 मिलिसेकंदांत. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. साधारण 10 मिलिअँपिअरला स्नायू आखडून हात सुटेनासा होतो, आणि 30 च्या पुढे करंट काही काळ छातीतून वाहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. 16 अँपिअरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. माणसाला शॉक बसतोय हे त्याला कळण्याचा प्रश्नच येत नाही. तो वायर वाचवण्यासाठी आहे.

मग तो उगाच का पडतो? उगाच पडत नाही. गिझरचा एमसीबी खाली असतानाही पडतो, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ आहे. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आरसीसीबीच्या पुढे कुठेही न्यूट्रल अर्थला टेकला असेल, गिझरच्या आत, सॉकेटच्या मागे, ओल धरलेल्या जंक्शन बॉक्समध्ये, तर घरभरातून परतणाऱ्या न्यूट्रल करंटचा थोडा हिस्सा त्या जागेवरून अर्थमध्ये पळतो. किती पळेल हे त्या घडीला घरात किती लोड चालू आहे त्यावर ठरतं. म्हणून ट्रिपिंगला वेळकाळ नसतो आणि म्हणूनच वायरमन वैतागतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे उसना न्यूट्रल: फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा, त्यातलं एक आरसीसीबीवर आणि दुसरं त्याच्या बाहेर. जिन्याच्या दिव्यात आणि नंतर वाढवलेल्या पॉइंटमध्ये हे हमखास सापडतं. भरपूर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा थोडाथोडा लीकेज मिळूनही 15 च्या वर जाऊ शकतो, पण तुमच्याकडे अर्थचे पॉइंटच मोजके आहेत, तेव्हा ते कारण मी शेवटी धरेन.

शोधायची रीत अशी: सगळे प्लग उपटायचे, नुसते स्विच बंद करून भागत नाही. मेन बंद करून डीबीतल्या (एमसीबी बसवलेल्या पेटीतल्या) न्यूट्रल लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडवायचा आणि प्रत्येक न्यूट्रलचा अर्थशी मेगर घ्यायचा. ज्याचा आकडा कोसळतो ते सर्किट. तासा-दोन तासांचं काम आहे, आणि ते वायरमनचं आहे, तुमचं नाही. डीबी उघडून तुम्ही बसू नका. मेन बंद केला तरी मेनच्या येणाऱ्या बाजूला वीज असतेच.

थर्ड पिनला न्यूट्रल जोडायचा सल्ला सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात प्रचलितही. तो चालतो असं दिसतं, हीच अडचण. झिणझिण्या जातात, टेस्टर पेटत नाही, मल्टिमीटर फेज ते “अर्थ” बरोब्बर 230 दाखवतो. आता कुठेतरी न्यूट्रल सुटला असं धरा: सॉकेटमागचा स्क्रू ढिला झाला, जुन्या जोडावरची तार तुटली, किंवा जुन्या घरात असतो तसा न्यूट्रलमध्ये घातलेला फ्यूज उडाला. त्याच क्षणी फेज मशीनच्या मोटरमधून, कार्डमधून तुटक्या न्यूट्रलपर्यंत येतो, तिथून लूपने थर्ड पिनला आणि थर्ड पिनवरून पत्र्यावर. त्याच न्यूट्रलवर जितके असे लूप मारले असतील तितक्या उपकरणांच्या बॉडीवर 230 व्होल्ट. कोणाचंही इन्सुलेशन खराब झालेलं नाही, सगळी उपकरणं नवीकोरी आहेत. ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने शरीराचा रोध 1,000 ओहमच्या आसपास येऊ शकतो; म्हणजे 230 मिलिअँपिअर. एमसीबी जागचा हलत नाही. हलला असता तो आरसीसीबी, जो त्याच वायरमनने दोन नंबरच्या सल्ल्यात काढून टाकायला सांगितलाय. पुढे कोणी काम करताना फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही, पत्रा थेट फेजवर.

आणखी एक शक्यता विचारात घ्या. तुमच्या घरात कोणीतरी आधीच कुठेतरी असा लूप मारून ठेवलेला असू शकतो. लूप मारलेल्या उपकरणाची बॉडी लोखंडी पाइपला किंवा ओल्या भिंतीला टेकली की न्यूट्रल अर्थ झाला, आणि आरसीसीबीचं वेळी-अवेळी पडणं सुरू. तसं निघालं तर बदनाम झालेला आरसीसीबी नेमका तोच लूप दाखवत होता. वरच्या शोधात प्रत्येक थ्री पिन सॉकेट उघडून बघायला सांगा.

वीज कंपनी काही ठिकाणी स्वतः न्यूट्रलला अर्थ करून देते, मग आपण केलं तर काय बिघडलं, असं तुमचा वायरमन म्हणेल. ती जोडणी पुरवठा घरात शिरतो तिथे, मीटर-मेनच्या आधी, जाड तारेने आणि एकाच जागी असते. तिथून पुढे न्यूट्रल आणि अर्थ वेगवेगळे चालतात आणि पुन्हा कधीही भेटत नाहीत. सॉकेटमागचा वीतभर लूप म्हणजे ती व्यवस्था नव्हे.

32 च्या एमसीबीबद्दल फार लिहायला नको. 2,000 वॅटचा गिझर 8.7 अँपिअर घेतो, 3,000 वॅटचा 13. दोन्ही 16 च्या आत आहेत. इतकंच नव्हे, मानकाप्रमाणे 16 चा एमसीबी 18 अँपिअरलाही तासभर पडायचा नसतो. मग वीस मिनिटांनी पडतो म्हणजे करंट जास्त नाही, त्याला बाहेरून उष्णता मिळतेय. एमसीबीचा खालचा स्क्रू उघडून बघायला सांगा. मल्टिस्ट्रँड वायरच्या निम्म्याच तारा आत गेलेल्या असतात, किंवा इन्सुलेशनसकट वायर चिमटलेली असते. प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं दिसतं, कधी जळका वासही येतो. ती गरम जोडणी आतली द्विधातूची पट्टी तापवते आणि एमसीबी पडतो. टोक कापून नव्याने सोला, नीट आवळा, एमसीबी शेकला असेल तर नवीन टाका, पण 16 चाच. 32 चा टाकलात तर तो 36 अँपिअर तासभर बिनबोभाट जाऊ देईल, आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर पाइपातून ओढलेली असली की साधारण विसाच्या थोडं वरपर्यंतच सोसते. दीडपट करंटला उष्णता सव्वादोनपट होते. शिवाय ढिला स्क्रू तिथेच तापत राहील, फक्त आता सांगणारं कोणी नसेल.

आता खड्डा. इथे वायरमनच काय, बरेच इंजिनिअरही गडबडतात. अर्थिंग म्हणजे करंट जमिनीत सोडून द्यायचा, जमीन तो गिळून टाकते, अशी समजूत आहे. जमीन काही गिळत नाही. करंट जिथून निघाला तिथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला, परत जातो. वाट मातीतून असली तर वाटेत मातीचा रोध आडवा येतो. हिशोब करून बघा. 3 मीटर लांब, 16 मिलिमीटर जाडीचा रॉड, मातीची रोधकता 100 ओहम-मीटर, ही तशी बरी माती. रॉडचा रोध येतो 33 ओहमच्या आसपास. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा 1 ओहम धरला तर मशीनची फेज पत्र्याला टेकल्यावर वाहणारा करंट 230 भागिले 34, म्हणजे 6.8 अँपिअर. 16 च्या एमसीबीला हा करंट म्हणजे एखादी इस्त्री चालू आहे इतकंच. तो पडणार नाही, आज नाही, उद्या नाही. पत्र्यावर मात्र 6.8 गुणिले 33, म्हणजे 220 च्या वर व्होल्ट. पक्कं अर्थिंग केलेल्या घरात! मीटर तेवढा इमानेइतबारे फिरत राहील, दीड किलोवॅट मातीत.

खड्डा उत्तम झाला, 5 ओहम आले, असं धरू. करंट 38 अँपिअर, पत्र्यावर 190 व्होल्ट. 16 चा एमसीबी काही सेकंदांनी, कदाचित अर्ध्या-एक मिनिटाने पडेल. 32 चा असेल तर तासाभरातही पडेल याची हमी नाही. सी प्रकारचा 16 चा एमसीबी क्षणात पडायला 160 अँपिअर लागतात, म्हणजे सगळ्या वाटेचा मिळून रोध 1.4 ओहमच्या आत हवा. पुरवठादाराने तारेने अर्थ आणून दिलेला असेल तर हे सहज जमतं. घरामागच्या एका रॉडने जवळजवळ कधीच नाही.

आता त्याच 33 ओहमच्या साध्या रॉडवर आरसीसीबी ठेवा. फॉल्ट झाल्याबरोबर 6.8 अँपिअरचा फरक पडतो, 30 मिलिअँपिअरच्या दोनशेपटीहून जास्त. पापणी लवायच्या आत लाइन गेली, पत्र्याला कोणी हात लावायच्या आधीच. तो पडण्याच्या सीमेवर, 30 मिलिअँपिअरला, पत्र्यावर जेमतेम 1 व्होल्ट असतो. म्हणून खड्ड्याचं अर्थिंग असलेल्या घरात आरसीसीबी ही चैन नव्हे. अर्थिंगला कामाला लावणारा तोच आहे. खड्डा करा आणि आरसीसीबी काढा हे दोन सल्ले एकाच माणसाने एकाच दिवशी दिले याचं मला आश्चर्य नाही, वाईट वाटतं.

उलट बाजूही सांगतो. नुसता आरसीसीबी आहे आणि अर्थ नाही, तर तो पडेल, पण माणसातून करंट गेल्यावर. जीव बहुतेकदा वाचतो; दचकून स्टुलावरून पडणं वाचत नाही. आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला तर तो काहीच करू शकत नाही, कारण फरकच पडत नाही.

खड्ड्यात मीठ-कोळसा घालू का असं विचारलंत. मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि धातू खातं; बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) टिकतं. रॉडची जाडी दुप्पट केली तर रोध दहाएक टक्केच उतरतो, लांबी दुप्पट केली तर चाळीसच्या वर. तेव्हा जाड रॉडवर भाळू नका, खोल जा. ओल कायम राहील अशी जागा निवडा आणि आकडा कडक उन्हाळ्यात घ्या.

पण तुमच्या घरात खड्ड्याआधी एक काम आहे, जे वायरमनने सांगितलंच नाही. रिकाम्या थर्ड पिनपर्यंत वायरच गेलेली नाही. मागे कितीही सुंदर खड्डा केला तरी मशीनच्या पत्र्याला त्याचा काय उपयोग? पाइपात जागा असेल तर प्रत्येक पॉइंटपर्यंत हिरवी वायर ओढायची, फेजच्याच साइजची. जागा नसेल तर निदान वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह, संगणक या जागांसाठी वरून पट्टी मारून न्यायची. नळाच्या पाइपला अर्थ जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. मधे एक तुकडा प्लॅस्टिकचा निघाला की संपलं. बाथरूममधले लोखंडी पाइप अर्थच्या वायरला जोडणं ही वेगळी गोष्ट आहे, ते करावंच.

त्याला विचारायचं कसं? वाद घालू नका, मोजायला सांगा. “लूप रोध, म्हणजे फॉल्टच्या करंटच्या सगळ्या वाटेचा रोध, किती येतो ते मीटरवर दाखवाल का?” “आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडतो?” “न्यूट्रल सोडवून अर्थशी मेगर घ्याल का?” चांगला वायरमन या प्रश्नांनी खूश होतो, कारण असं विचारणारं गिऱ्हाईक विरळा. त्याच्याकडे लूप टेस्टर नसेल तर त्यात कमीपणा नाही. ज्याच्याकडे आहे त्याला एक दिवस बोलवा आणि याला सोबत ठेवा. टेस्टर पेटला किंवा मल्टिमीटरने 230 दाखवले हा पुरावा मात्र धरू नका. मल्टिमीटरचा रोध साधारण 10 मेगओहम, म्हणजे तो 23 मायक्रोअँपिअर ओढतो. केसाएवढी एकच तार टिकून असली तरी 230 दिसेल, आणि खऱ्या फॉल्टला ती तार त्याच क्षणी वितळेल.

क्रम माझ्या मते असा ठेवा. आरसीसीबी तसाच राहू द्या आणि न्यूट्रलचा दोष शोधा. गिझरचा स्क्रू आणि वायरचं टोक नीट करा. न्यूट्रलमध्ये फ्यूज असेल तर काढून तिथे सरळ लिंक टाका. मग हिरवी वायर, मग पुरवठादाराचा अर्थ मिळतो का ते विचारा, नसेल तर रॉड. हिरवी वायर येईपर्यंत मशीन अर्थ असलेल्या पॉइंटवरच चालवा आणि कपडे काढताना प्लग उपटूनच हात घाला.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर त्याच दिवशी बदला. पडला म्हणजे अर्थिंग ठीक, असं मात्र समजू नका. ते बटण आतल्याच एका रेझिस्टरमधून करंट फिरवतं, अर्थच्या वायरशी त्याचा संबंधच नाही; घरातली अर्थची प्रत्येक वायर कापून ठेवली तरी ते बटण तितकंच छान चालेल.